आजोबांच्या ट्रंकेतील दोन फेल्ट हॅट: वय कसे ठरवावे आणि पुढे काय करावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत दोन फेल्ट हॅट, म्हणजे न विणता केस एकमेकांत अडकवून बनवलेल्या घट्ट कापडाच्या हॅट, सापडल्या. पहिली राखाडी रंगाची आणि रुंद रिबनीची आहे. तिच्या आतील चामड्याच्या पट्टीवर सोनेरी अक्षरांत ‘स्टेट्सन’ आणि ‘स्ट्रॅटोलायनर’ असे छापलेले असून माप ७-१/८ आहे. दुसरी खाकी, एकावर एक अशा दोन फेल्टची आहे. तिच्या अस्तरावर मुंबईच्या हॉर्नबी रोडवरील एका दुकानाचा पत्ता असून माप ७ आहे. आजोबा १९४८ ते १९५० या काळात अमेरिकेत शिकत होते, म्हणून पहिली हॅट तेव्हाचीच, असे घरात सांगतात. ते खरे मानावे का, हॅट एकाच माणसाच्या असतील तर मापे वेगळी कशी, वाफ देऊन त्या नीट करून घ्याव्यात का, त्यांना किती किंमत येईल आणि यापुढे अशा हॅट जमवायच्या झाल्यास सुरुवात कशी करावी, असे आपण विचारले आहे.

उत्तराआधी एक विनंती आहे. वय ठरेपर्यंत या हॅटना वाफ, पाणी, चामड्याचे तेल, इस्त्री किंवा नवी रिबन यांपैकी काहीही लावू नका. जुन्या हॅटचे वय सांगणारे बहुतेक पुरावे कागदाचे, गोंदाचे आणि दोऱ्याचे असतात आणि उत्साहाने केलेल्या पहिल्याच साफसफाईत तेच आधी नाहीसे होतात. मळलेली हॅट पुढच्या वर्षीही स्वच्छ करता येते, पण पट्टीमागचे भिजून विरघळलेले लेबल परत आणता येत नाही.

हॅटवर बनवल्याची तारीख क्वचितच छापलेली असते. त्यामुळे आपण जे काढतो ते साल नसते, तर दोन टोकांमधला काळ असतो: ही हॅट अमुक वर्षाच्या आधीची असू शकत नाही आणि तमुक वर्षाच्या नंतरची असण्याची शक्यता कमी आहे. पहिले टोक पक्क्या पुराव्यावर उभे राहते, दुसरे बहुधा संभाव्यतेवर. आणि हॅटचा जो भाग सर्वांत उशिराचा, तोच तिच्या आजच्या रूपाचे पहिले टोक ठरवतो, मग बाकीची हॅट कितीही जुनी दिसो. कंपनीचे नाव, हॅटचा घाट आणि घरातली आठवण हे तीन साक्षीदार सर्वांत आधी बोलू लागतात. माझा आग्रह असा की, त्यांना सर्वांत शेवटी विचारावे.

कंपनीचे नाव दुबळा पुरावा का, हे स्टेट्सनच्याच उदाहरणावरून स्पष्ट होते. जॉन बी. स्टेट्सन यांनी १८६५ मध्ये फिलाडेल्फियात व्यवसाय सुरू केला. १९१५च्या सुमारास तेथे ५,००० हून अधिक कामगार होते आणि वर्षाला ३० लाखांहून अधिक हॅट बाहेर पडत होत्या. फिलाडेल्फियातील उत्पादन १९७१ मध्ये थांबले, पण नाव थांबले नाही. परवान्याखाली ते आधी मिसुरीतील सेंट जोसेफ येथे आणि पुढे टेक्सासमधील गारलँड येथे बनलेल्या हॅटवर छापले गेले. कॅनडात ऑन्टॅरिओमधील ब्रॉकव्हिल येथेही स्टेट्सनचा कारखाना होता. म्हणजे पट्टीवरच्या नुसत्या ‘स्टेट्सन’ या शब्दाने शंभराहून अधिक वर्षांचा पट्टा मोकळाच राहतो, आणि एवढ्या मोठ्या संख्येने बनलेली वस्तू केवळ नावामुळे दुर्मीळही ठरत नाही.

मॉडेलचे नाव मात्र कधी कधी उपयोगी पडते, आणि आपल्या बाबतीत ते पडले आहे. ‘स्ट्रॅटोलायनर’ हे नाव बोइंग ३०७ या विमानावरून आले. त्या विमानाचे पहिले उड्डाण ३१ डिसेंबर १९३८ रोजी झाले आणि १९४० मध्ये ते प्रवासी सेवेत आले. त्यामुळे आपली हॅट १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धातील असू शकत नाही, एवढे आत्ताच ठामपणे सांगता येते. पण हे नाव पुढे अनेक वर्षे वापरात राहिले, म्हणून त्यातून फक्त पहिले टोक मिळते. याउलट ‘थ्री एक्स बीव्हर’ (बीव्हर हा मऊ केसांचा एक प्राणी) यांसारख्या दर्जाच्या खुणांवर काळासाठी विसंबू नये. एक्सची संख्या कोणत्याही कायद्याने ठरवलेली नव्हती; एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या दशकांतील एक्सचीही परस्परांशी तुलना होत नाही.

आता हॅट उघडून पाहू. कपाळाला लागणाऱ्या चामड्याच्या पट्टीला स्वेटबँड म्हणतात, डोक्यावर बसणाऱ्या उंच भागाला क्राउन आणि भोवतालच्या कडेला ब्रिम. हॅट स्वच्छ टॉवेलवर उलटी ठेवा, हात कोरडे असू द्या आणि स्वेटबँड मागच्या बाजूने, म्हणजे जेथे तिची दोन टोके जोडलेली असतात तेथून, अंगठ्याने अगदी सावकाश बाहेरच्या बाजूला वळवा. चांगल्या हॅटमध्ये पट्टीच्या खालच्या काठाला एक बारीक काडी किंवा तार मेणकापडाच्या फितीत गुंडाळून शिवलेली असते आणि हॅट त्या फितीला शिवलेली असते. त्यामुळे चामडे बिजागरीवर फिरावे तसे बाहेर वळते. वळवताना कटकट असा आवाज आला किंवा बोटांना तांबूस भुकटी लागली तर तेथेच थांबा. ती भुकटी म्हणजे झाडाच्या सालीत कमावलेले चामडे आतून कुजल्याची खूण असते आणि असे चामडे कोणत्याही तेलाने पूर्ववत होत नाही. अशा वेळी बारीक टॉर्च आणि फोनचा कॅमेरा वापरून फटीतूनच फोटो घ्यावेत. कोरड्या हिवाळ्यात ताठ झालेली पट्टी पावसाळ्याच्या सुरुवातीच्या दमट हवेत पुष्कळदा थोडी नरम पडते, म्हणून घाई नसेल तर तोवर वाट पाहणे चांगले.

पट्टीमागे जे सापडते त्यात माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे कामगार संघटनेचे लेबल. टपाल तिकिटाएवढा हा कागद अनेकांना कचरा वाटतो आणि तो खरवडून काढला जातो, याचे मला फार वाईट वाटते. अमेरिकेतील हॅट कामगारांची ‘युनायटेड हॅटर्स ऑफ नॉर्थ अमेरिका’ ही संघटना १८९६ मध्ये स्थापन झाली. तिच्या लेबलला चारही बाजूंनी टपाल तिकिटासारखी छिद्रांची कड असे, आणि संघटना जाहिरातींतून ग्राहकांना बजावत असे की, दुकानदाराकडे सुटी लेबले दिसली तर ती बनावट समजावीत. १९३४ मध्ये ही संघटना टोप्या आणि स्त्रियांच्या हॅट बनवणाऱ्या कामगारांच्या संघटनेत विलीन झाली आणि ‘युनायटेड हॅटर्स, कॅप अँड मिलिनरी वर्कर्स इंटरनॅशनल युनियन’ असे लांबलचक नाव तयार झाले. १९८३ मध्ये तीही वस्त्रोद्योगातील एका मोठ्या संघटनेत विसर्जित झाली. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे: फक्त पहिले नाव असलेले लेबल १९३४ पर्यंतच्या हॅटकडे बोट दाखवते आणि लांब नाव असलेले लेबल १९३४ ते १९८३ या काळाकडे. आपल्या स्ट्रॅटोलायनरमध्ये लेबल असलेच तर ते लांब नावाचे असायला हवे. ते जुन्या नावाचे निघाले तर एक तर हॅट जोडकाम केलेली आहे किंवा लेबल दुसरीकडून आणून चिकटवले आहे.

लेबल नसणे मात्र काहीच सिद्ध करत नाही, कारण सर्व कारखाने संघटनेचे नव्हते. कनेटिकट राज्यातील डॅनबरी हे अमेरिकेतील हॅट उद्योगाचे मोठे केंद्र होते. तेथील डिट्रिक लोव या कारखानदाराने संघटनेला मान्यता देण्यास नकार दिला, म्हणून १९०२ मध्ये संघटनेने त्याच्या हॅटवर देशभर बहिष्कार पुकारला. लोवने कामगारांवर दावा लावला. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा बहिष्कार मक्तेदारीविरोधी कायद्याखाली येतो असा निर्णय दिला आणि पुढे भरपाईपोटी सामान्य कामगारांची घरे जप्तीच्या टोकाला आली. हे माहीत असले की, पट्टीमागचा तो छोटा कागद हातात धरताना आपण नुसते साल शोधत नसतो. तो त्या काळी ग्राहकाने दुकानात मुद्दाम शोधायचा कागद होता आणि त्याच्यापायी माणसांनी घरे पणाला लावली होती.

त्याच ठिकाणी मापाची चिठ्ठी असते, आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तीच देते. अमेरिकन आणि ब्रिटिश मापे दोन्ही इंचांत असली तरी त्यांच्यात एक अष्टमांशाचा फरक आहे. अमेरिकन ७-१/८ म्हणजेच ब्रिटिश ७, आणि दोन्ही सुमारे ५७ सेंटिमीटर घेराच्या डोक्याला बसतात. युरोपातील हॅटवर, उदाहरणार्थ इटलीतील अलेस्सांद्रिया येथील बोर्सालिनोच्या हॅटवर, बहुधा थेट सेंटिमीटरचा आकडा असतो. मुंबईच्या दुकानातील हॅटवरचे ७ हे ब्रिटिश माप धरले, तर आपल्या दोन्ही हॅट अगदी एकाच मापाच्या डोक्याच्या आहेत. घरातली आठवण दोन्ही हॅट आजोबांच्या असल्याचे सांगते, तिला हा चांगला आधार आहे. याशिवाय पट्टीमागे कारखान्याची छोटी चिठ्ठी असू शकते. तिच्यावर हस्तलिखित किंवा टंकलिखित क्रमांक असतात. ते पुन्हा मागणी नोंदवण्यासाठीचे आणि साच्याचे क्रमांक असतात. त्यातले चार आकडे सालासारखे दिसतात म्हणून पुष्कळ विक्रेते ते साल असल्याचे सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नये.

आता छापील मजकुराकडे वळू. पट्टीवर, अस्तरावर आणि डब्यावर जी जी अक्षरे आहेत ती सगळी भिंगाखाली वाचून लिहून काढावीत, कारण साल ठरवण्याची सर्वांत भक्कम साधने हॅटच्या जगाबाहेरून येतात. वर्तुळातले ‘आर’ हे नोंदणीकृत व्यापारचिन्हाचे चिन्ह अमेरिकेत १९४६च्या व्यापारचिन्ह कायद्याने आले आणि तो कायदा जुलै १९४७ पासून लागू झाला. म्हणून ते चिन्ह असलेली पट्टी त्याआधीची नाही. पेटंट क्रमांक असल्यास तोही बोलका असतो: अमेरिकेतील १०,००,००० वा पेटंट क्रमांक १९११ मध्ये, २०,००,००० वा १९३५ मध्ये आणि ३०,००,००० वा १९६१ मध्ये दिला गेला, आणि मधल्या क्रमांकांची वर्षे शोधणे अवघड नाही. दुकानाच्या पत्त्यात पाच आकडी झिप कोड (अमेरिकेतील पिनकोड) असेल तर छपाई जुलै १९६३ नंतरची असते. शहराच्या नावापुढे, राज्याच्या नावाआधी, एक-दोन अंकांचा टपाल विभाग असेल, जसे ‘न्यूयॉर्क १७’, तर तो काळ १९४३ ते १९६३ असा बांधला जातो. आपल्या पहिल्या हॅटच्या दृष्टीने ही खूण सापडणे ही फार मोठी गोष्ट ठरेल. नुसता रस्त्याचा पत्ता असेल तर त्या शहराच्या जुन्या व्यापारी निर्देशिकांतून ते दुकान त्या पत्त्यावर कोणत्या वर्षांत होते हे तपासता येते. अशा अनेक निर्देशिका आता संगणकीय स्वरूपात उपलब्ध आहेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण इतर सर्व खुणांपेक्षा अरुंद काळ त्यातूनच मिळतो. डब्याबाबत मात्र सावध राहावे. दुकानदार, घरचे लोक आणि नंतरचे विक्रेते सगळेच हॅट हाताला येईल त्या डब्यात ठेवत आले आहेत, म्हणून डब्याचा पुरावा हॅटला लावू नये.

चामड्याच्या जोडावरूनही काही सांगता येते. जुन्या चांगल्या हॅटमध्ये स्वेटबँडची टोके मागे नीट शिवलेली असतात आणि त्या जोडावर रिबनीचा छोटा बो असतो. पुढच्या काळातील स्वस्त कामात शिवणीची जागा चिकटपट्टीने घेतली. अस्तराच्या मध्यभागी, केसांच्या तेलापासून छपाई वाचावी म्हणून, पारदर्शक पदार्थाचा तुकडा लावत. तो पिवळा पडून आकसला असेल तर ओढू नये, कारण त्याच्याबरोबर छपाईही उठते.

आणखी एका गोष्टीवर मी मुद्दाम थांबतो, कारण आज बाजारात येणाऱ्या हॅटपैकी अनेकींचा प्रश्न तेथेच अडतो. फेल्ट हॅट पुन्हा पुन्हा घडवता येते. तिची रिबन, पट्टी आणि अस्तर काढून, फेल्ट वाफेवर नरम करून, नव्या साच्यावर चढवून ती दुसऱ्या घाटात आणता येते. पूर्वी प्रत्येक मोठ्या शहरात हे काम करणारे कारागीर होते आणि मालक आपली चांगली हॅट त्यांच्याकडून नवी करून घेत. आज काही कारागीर जुन्या रुंद वेस्टर्न, म्हणजे काउबॉय पद्धतीच्या, हॅटचे ब्रिम कापून त्यांच्या फेडोरा, म्हणजे कमी रुंद ब्रिमच्या शहरी हॅट, बनवतात. हे काम करण्यात गैर काही नाही, ते न सांगता विकण्यात आहे. ते ओळखण्यासाठी रिबनीचा काठ किंचित उचलून पाहावा. रिबनीखाली फेल्टचा मूळ गडद रंग टिकून राहतो. तो गडद पट्टा आजच्या रिबनीपेक्षा रुंद असेल तर रिबन बदललेली आहे. स्वेटबँडच्या शिवणीजवळ टाक्यांच्या छिद्रांची दुसरी, रिकामी ओळ दिसली तर पट्टी बदललेली आहे, आणि मग पट्टीवरच्या कोणत्याही छपाईवरून मूळ हॅटचे वय काढता येत नाही. ब्रिमच्या कडेला कापल्याची ताजी, एकसारखी धार असेल आणि बाकी पृष्ठभागावर हाताळल्याची झाक असेल, तर ब्रिम कापलेले आहे. न्यूयॉर्कच्या कॅव्हनॉ या कंपनीच्या हॅटची कड मात्र याहून निराळी असते; त्या कडेची घडी शिवणीशिवाय फेल्टमध्येच एकजीव केलेली असते. ते काम महाग आणि अवघड होते, आणि त्यावरून बोट फिरवल्यावर शिवण नाही हे कळले की, ती हॅट पुन्हा खाली ठेववत नाही.

घाटाबद्दल थोडक्यात. १९३० आणि १९४०च्या दशकांत क्राउन उंच, रिबन रुंद आणि ब्रिम साधारण अडीच इंचांच्या आसपास असे. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून तिन्ही आखडत गेले आणि १९६०च्या दशकात दीड इंचाची अरुंद ब्रिमही सर्रास दिसू लागली. पण खेड्यातल्या गिऱ्हाइकांसाठी आणि वयस्क पुरुषांसाठी जुना घाट तेव्हाही बनत होताच, म्हणून घाटावरून फक्त अंदाज करावा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी हॅट न घातल्यामुळे हॅटची प्रथा मोडली असे पुष्कळदा सांगितले जाते. प्रत्यक्षात २० जानेवारी १९६१ च्या शपथविधीला ते रेशमी टॉप हॅट घेऊन आले होते आणि हॅटचा खप त्याआधीपासूनच घसरत होता. अशा लोकप्रिय गोष्टींवरून हॅटचा काळ ठरवू नये.

फेल्ट कशाचे आहे, हेही पाहावे. लोकरीचे फेल्ट जाडसर, थोडे खरखरीत आणि हाताला ताठर लागते. सशाच्या किंवा बीव्हरच्या मऊ अंतर्केसांचे फर फेल्ट पातळ असूनही घट्ट असते आणि बोटाने दाबलेला खळगा सहज भरून येतो. एक धागा जाळून पाहण्याची युक्ती येथे निरुपयोगी आहे, कारण लोकर आणि फर दोन्ही प्राण्यांचे केस असल्यामुळे जळताना सारखाच वास येतो. फर फेल्ट बनवताना केस सच्छिद्र तांब्याच्या मोठ्या शंकूवर हवेच्या ओढीने बसवत, गरम पाण्याने जमवत आणि मग अंतिम आकारापेक्षा कितीतरी मोठी असलेली ती खोळ वाफ, पाणी आणि दाब यांनी आकसवत नेत. स्टेट्सनच्या आपल्या मॉडेलचे फेल्ट फरचे असणार, यात मला शंका नाही.

येथेच आपल्या वाफेच्या प्रश्नाचे उत्तर आहे. केस एकमेकांत नीट अडकावेत म्हणून त्यांना पूर्वी मर्क्युरिक नायट्रेटचे द्रावण लावत. त्यातील पाऱ्यामुळे कारागिरांच्या हातांना कायमचा कंप सुटे. डॅनबरीत त्याला गावाच्या नावानेच ‘डॅनबरी शेक्स’ म्हणत. अमेरिकेत हॅट उद्योगातील पाऱ्याचा वापर १ डिसेंबर १९४१ पासून बंद झाला. ही मर्यादा फक्त अमेरिकन हॅटना लागू आहे, आणि पारा आहे की नाही हे डोळ्यांनी दिसत नाही. जुन्या फर फेल्टमध्ये पारा शिल्लक असू शकतो, म्हणून संग्रहालयांत अशा हॅट हातमोजे घालून हाताळतात. आपली स्ट्रॅटोलायनर १९४१ पूर्वीची असण्याची शक्यता कमी असली तरी शून्य नाही आणि दुसऱ्या हॅटबद्दल तर काहीच सांगता येत नाही. तेव्हा स्वयंपाकघरात किंवा बंद खोलीत वाफ देऊ नये, लहान मुलांना त्या घालायला देऊ नयेत आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. आकार सुधारायचाच असेल तर तो जाणत्या कारागिराकडून, मोकळ्या हवेत आणि सर्व फोटो घेऊन झाल्यावर.

दुसऱ्या हॅटकडे मी विशेष उत्सुकतेने पाहतो. एकावर एक दोन फेल्टची, रुंद ब्रिमची ही हॅट ‘डबल तराई’ असावी. हिमालयाच्या पायथ्याच्या तराई प्रदेशावरून हे नाव पडले आणि उन्हापासून बचावासाठी ती हिंदुस्थानात राहणाऱ्या युरोपियनांत रूढ होती. भेंडाची, म्हणजे शोल्याची, सोला हॅट ही वेगळी वस्तू. तिच्यात फेल्ट नसते. मुंबईच्या दुकानावरून ही हॅट ब्रिटिश पद्धतीची असावी, आणि तिचे माप त्याच्याशी जुळते. पत्त्यातला हॉर्नबी रोड म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी मार्ग. व्हाइटअवे लेडलॉ यांचे प्रसिद्ध दुकान याच रस्त्यावर होते; त्या इमारतीत नंतर अनेक वर्षे खादी भांडार होते. रस्त्याचे नाव स्वातंत्र्यानंतर बदलले, त्यामुळे अस्तराची छपाई बहुधा त्याआधीची आहे, आणि आजोबांनी ही हॅट अमेरिकेला जाण्यापूर्वी मुंबईत घेतली असावी हा तर्क त्याच्याशी जुळतो. पण दुकाने छापलेले अस्तर संपेपर्यंत वापरत आणि लोकही जुने नाव सोडत नव्हते, म्हणून हे टोक धारदार नाही. दुकानाचे नाव पूर्ण वाचता आले तर जुन्या वृत्तपत्रांतील जाहिरातींतून ते दुकान कधीपासून कधीपर्यंत होते हे काढता येईल. मला विचाराल तर पहिल्या हॅटपेक्षा या हॅटचा शोध अधिक घेण्यासारखा आहे, कारण स्टेट्सनवर अमेरिकेत शेकडो संग्राहक काम करतात, पण मुंबईत विकल्या गेलेल्या हॅटची नोंद ठेवणारे फार थोडे आहेत.

तूर्त माझे मत असे: पहिली हॅट १९३९ च्या आधीची नाही, रुंद रिबनीवरून ती १९५०च्या दशकाच्या मध्यानंतरची वाटत नाही, आणि घरातली १९४८ ते १९५० ही आठवण या काळात चपखल बसते. ती सिद्ध झालेली नाही, पण तिच्याविरुद्ध अजून काही दिसत नाही. पट्टीवर वर्तुळातले ‘आर’ सापडले तर खालची मर्यादा १९४७ पर्यंत वर सरकेल आणि आठवणीला बळ मिळेल.

जपणुकीबाबत आपल्या हवेचा विचार केला पाहिजे. कोकण आणि मुंबईत बुरशी, तर घाटावर कसर हा हॅटचा मुख्य शत्रू असतो. केसांत पांढुरकी जाळी किंवा खाल्लेल्या नागमोडी रेषा दिसल्या तर हॅट जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून घरच्या फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर, किमान दोन आठवडे ठेवावी आणि बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास तशीच बंद ठेवावी, म्हणजे दव फेल्टवर न बसता पिशवीवर बसते. कुजलेल्या चामड्याच्या हॅटला मात्र हा उपाय करण्याआधी जाणकाराला विचारावे. धूळ मऊ केसांच्या ब्रशने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, हलक्या हाताने झाडावी. हॅट ब्रिमवर टेकवून ठेवू नये; ती क्राउनवर उलटी किंवा योग्य मापाच्या आधारावर ठेवावी, आत आम्लरहित कागद भरावा आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून दर पावसाळ्यात बदलाव्यात. डांबरगोळ्या मी वापरत नाही. त्यांचा वास फेल्टमधून वर्षानुवर्षे जात नाही.

किंमतीबद्दल आकडा सांगणे मी टाळतो, कारण तो प्रत्यक्ष स्थितीवर अवलंबून असतो. सर्वसाधारण नियम मात्र सांगता येतात. कसरीचे एक छिद्रही किंमत बरीच खाली आणते. घामाचे डाग तितके नाही. मूळ पट्टी, रिबन आणि अस्तर शाबूत असलेली साधी हॅट, नव्या रिबनीच्या देखण्या हॅटपेक्षा संग्राहकाला अधिक हवी असते. माप मोठे असेल तर मागणी वाढते, कारण पुष्कळ ग्राहक हॅट घालण्यासाठी घेतात आणि ७-१/२ च्या पुढची जुनी हॅट सहज मिळत नाही; आपली ७-१/८ मधल्या मापाची आहे.

संग्रह करायचा असेल तर एक कंपनी किंवा एक दशक धरावे आणि सुरुवातीला विकत घेण्यापेक्षा हाताळण्यावर भर द्यावा. मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात हॅट दिसतात, पण त्यातल्या बऱ्याच नाटक-सिनेमांच्या कपडेपटातून आलेल्या लोकरीच्या फेल्टच्या असतात. काळ वाचायला शिकण्यासाठी त्याही उत्तम आहेत, आणि पट्टी वळवून पाहू द्यायला तिथले विक्रेते सहसा नकार देत नाहीत. परदेशातून मागवताना विक्रेत्याकडून पट्टीमागचा, जोडाचा, मापाच्या चिठ्ठीचा आणि ब्रिमच्या कडेचा असे चार फोटो मागावेत. समोरून घेतलेल्या सुंदर फोटोंचा ढीग पाठवून हे चार फोटो देण्याचे टाळणाऱ्याकडून काही घेऊ नये. आपल्या दोन्ही हॅटचेही हेच चार फोटो दिवसाच्या उजेडात घेऊन, प्रत्येकाशेजारी मोजपट्टी ठेवून, मला पाठवावेत. दुसऱ्या हॅटच्या अस्तराचा फोटो थोडा तिरक्या प्रकाशात घेतला तर पुसट झालेल्या सोनेरी अक्षरांचे दाब दिसतात आणि दुकानाचे नाव वाचता येते.